भोकाची घडणावळ

आमच्या नांदेड-लातूरच्या पट्ट्यात दागिना आधी डोळ्यांनी बघत नाहीत, हातानं बघतात. सोयरिकीच्या बैठकीत डबी उघडली की मुलाची आत्या आतला वाळा, तोडा, कमरपट्टा, जे काही असेल ते उचलते, तळहातावर दोनदा झुलवते आणि विचारते, "भरीव हाय का पोकळ?" नक्षी, घाट, पॉलिश हे सगळं नंतर. 'भरीव' म्हटलं की पुढचा चहा सगळ्यांनाच गोड लागतो. 'पोकळ' म्हटलं तर आत्याबाई काही बोलत नाहीत. डबी तेवढी जरा जोरात मिटतात.

पोकळपणाचं आपल्याकडे एकूणच नाव वाईट. बडा घर पोकळ वासा, पोकळ डौल, पोकळ गप्पा. मराठवाड्याला तर अर्थसंकल्पात नेहमी भरीव तरतूदच मिळत आली आहे. त्यामुळे भरीव म्हणून दिलेलं प्रत्यक्षात किती भरतं, याचा आमचा अभ्यास दांडगा आहे. तरी दागिन्याच्या बाबतीत आत्याबाईंची श्रद्धा ढळत नाही.

मला मात्र जुन्या नांदेडातल्या सराफ्यात एका कारागिराकडे बसून बसून उलटंच वाटायला लागलं आहे. झगमगीत काचांची दुकानं संपल्यावर एका जिन्याखाली हे मामा बसतात. समोर शेगडी, ऐरण, चिमटे आणि कानशी, डोळ्यावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. सोन्याला हात लावत नाहीत, काम चांदीचंच. त्यातही त्यांचा जीव ज्यात आहे ती वस्तू काचेच्या कपाटात कधीच दिसत नाही, कारण ती दागिना नसतेच. ती असते चांदीची बारीक नळी. काडीएवढी, आरपार भोक असलेली. एवढुशी नळी दोन तास घडवतात आणि मग करवतीनं तिचे तुकडे करतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, माणसाचं काहीतरी बिनसलंय.

नळी करायची म्हणजे आधी पत्रा आला. चोख चांदी फार मऊ, म्हणून हजारात नऊशेपंचवीस भाग चांदी आणि बाकी तांबं असा मेळ करून ती आटवतात. आमच्या आजीच्या काळात निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार असे दोन्ही रुपये या मुलखात फिरत. सोनारांचा डोळा कलदारावर असे, कारण जुन्या राणीछाप रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी होती आणि हालीत त्याहून कमी. कित्येक घरांतल्या तोरड्यांमध्ये व्हिक्टोरिया राणी विरघळलेली आहे. ती बायकांच्या पायात आहे हे तिला कळलं असतं तर तिला आवडलं असतं का, कोण जाणे.

पत्रा झाला की त्याची पट्टी कापायची. रुंदी किती घ्यायची? बाहेरून तीन मिलिमीटरची नळी हवी असेल आणि पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर तीनातून अर्धा गेला, राहिले अडीच, त्याला ३.१४ नं गुणायचं. म्हणजे साधारण ७.८५ मिलिमीटर. पायची किंमत पाठ करून लातूर पॅटर्नमधून दर वर्षी कितीतरी मुलं डॉक्टर-इंजिनिअर होतात. मामांना विचारलं तर ते म्हणतात, "तीन पट, आन वर जरा." त्या 'जरा'त त्यांनी दशांशचिन्हाच्या पुढचं सगळं बसवलेलं आहे.

पट्टीचं एक टोक निमुळतं करतात. मग लाकडाच्या ठोकळ्याला पाडलेल्या खाचेत ती ठेवून वरून गोल सळई धरतात आणि हळूहळू ठोकतात. पट्टीची पन्हळ होते. पन्हळीच्या कडा आणखी आत वळवल्या की येतं जंतर. जंतर म्हणजे पोलादाची जाड पट्टी, तिला मोठ्यापासून बारीक होत जाणारी भोकं ओळीनं पाडलेली. निमुळतं टोक मोठ्या भोकातून पलीकडे काढायचं, चांदीला मेण चोळायचं, सांडशीनं टोक धरायचं आणि अंग मागे टाकून ओढायचं. मग त्याच्या पुढचं भोक, मग त्याच्याही पुढचं. प्रत्येक भोकात पन्हळीच्या दोन्ही कडा थोड्या थोड्या जवळ येतात आणि शेवटी चिकटून बसतात. मधेच चांदी हट्टी होते, कडक पडते. तेव्हा तिला जाळावर धरून अंधुक लाल होईस्तोवर ताव द्यायचा, निववायची आणि पुन्हा ओढायची. ताव द्यायला कंटाळलं की नळी मधेच चिरते आणि सगळं पहिल्यापासून. आतलं भोक लहान होऊ नये म्हणून तेल लावलेली पोलादी तार आत घालून ओढतात. पुढे ती तार बाहेर काढणं हा वेगळा खेळ आहे. एकानं सांडशी धरायची, दुसऱ्यानं ओढायचं आणि तिसऱ्यानं सल्ला द्यायचा. तिसरा बहुतेक वेळा मीच असते.

शेवटी शिवणीवर सवागीचं, म्हणजे टाकणखाराचं, पाणी, त्यावर डाकाचे, म्हणजे सांधायच्या धातूचे, बारीक कण, आणि फुंकणीनं जाळ. डाक वितळून शिवणीत पळत जातो तो क्षण फार देखणा. एक चमकती रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि शिवण नाहीशी होते.

आता आत्याबाईंच्या प्रश्नाकडे. तीन मिलिमीटरची भरीव काडी घ्या आणि तेवढ्याच जाडीची, आत दोन मिलिमीटर भोक असलेली नळी घ्या. काडीला नऊ भाग चांदी लागली तर नळीला पाचच लागते. पण वाकवायला गेलं तर नळीचा विरोध काडीपेक्षा जेमतेम पाचव्या हिश्शानं कमी भरतो. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला कुठलाही पोरगा हे कागदावर करून दाखवील. वस्तू वाकते तेव्हा सगळा ताण बाहेरच्या कातडीवर येतो, मधलं अंग नुसतं बसून पगार खातं. मामांनी ते बसून खाणारं अंग कामावरून काढून टाकलेलं असतं. नळीला पोचा पडतो, दाराच्या फटीत सापडली तर ती चेमटते, हे मात्र खरं. तेवढ्यापुरत्या आत्याबाई बरोबर आहेत.

पोचा पडू नये म्हणून पोकळ दागिन्यात लाख भरायची जुनी रीत आहे. बोरमाळेचे मणी असेच, बाहेर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. घेताना मणी कसे टपोरे दिसतात! मोडायला नेले की सराफ लाखेचं वजन वजा करतो आणि तेव्हा घरात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते.

नळीचे तुकडे कशासाठी, ते सांगायचं राहिलंच. पहिलं म्हणजे बिजागरीसाठी. वाळा उघडायचा-मिटायचा असेल, कमरपट्ट्याची घरं एकमेकांशी जुळवायची असतील, डबीला झाकण बसवायचं असेल, तर बिजागरी लागते. चांदीच्या कामात ती नळीच्या तीन, पाच किंवा सात तुकड्यांची होते. तुकडे नेहमी विषम. एक तुकडा या बाजूला डाकायचा, पुढचा त्या बाजूला, त्याच्या पुढचा पुन्हा या बाजूला. विषम घेतले की दोन्ही टोकं एकाच बाजूच्या ताब्यात येतात आणि दुसरी बाजू मधे पकडली जाते, तिला सरकायला जागा राहत नाही. सम घेतले तर प्रत्येक बाजूकडे एकेक टोक जातं आणि बिजागरी आडवी हलत राहते. आमच्या सोसायटीच्या कमिटीत सभासद सम आहेत, त्यांच्या बैठकींना मामांना एकदा न्यायचा विचार आहे.

या बिजागरीतला धोका वेगळाच. डाक वितळला की त्याला जिथं फट दिसेल तिथं तो धावतो आणि बिजागरीत फटीशिवाय असतं काय? एक थेंब आत गेला की उघडमीट करणारी बिजागरी कायमची मिटून बसते. त्यावर मामांचा उपाय आहे गेरू. तुळशीवृंदावनाला लावतो तोच. पाण्यात कालवून काडीच्या टोकानं तो नको त्या फटीत भरायचा. जिथं गेरू, तिथं डाक पाऊल टाकत नाही. सगळं झालं की ब्रशनं गेरू धुऊन काढायचा आणि मधून तार ओवायची. वाळा टक्कन मिटतो.

करवतीनं तुकडे करताना होणारी गंमत तर सांगूच नये. दीड मिलिमीटरचा तुकडा केसाएवढ्या पात्याखालून सुटतो आणि चालता होतो. मग दुकानातली सगळी माणसं गुडघ्यांवर. सापडला तर ठीक, नाही तर झारेकऱ्याचा. सराफ्यातली झाडलोट आणि गटारातली माती नेऊन ती धुऊन-गाळून त्यातून चांदी-सोन्याचे कण काढणारे हे लोक. सराफ्याच्या केराला भाव असतो तो यांच्यामुळे.

तुकड्यांचं दुसरं काम फिरकीचं. नळीला दुसरी नळी बसवून त्यांना आटे पाडले की होते फिरकी. कानातल्याची फिरकी हरवली नाही असं घर मला दाखवा. वजन दोन-चार गुंजा नाही, पण तिच्यासाठी गाद्या उलट्या होतात, मोरीची जाळी निघते, मोलकरणीकडे संशयानं पाहिलं जातं आणि शेवटी ती पदराच्या निऱ्यांत निघते. आपण फिरकी शोधतो म्हणजे नेमकं काय शोधतो? एका भोकाभोवती गुंडाळलेली किंचित चांदी.

ताईत तर उघडउघड नळीच. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला टोपी आणि मधे दोरा ओवायला दोन कड्या. आत माहूरच्या देवीचा अंगारा असो की कंधारच्या दर्ग्यातली चिठ्ठी असो, मामांना सगळे ताईत सारखे. अडचण एवढीच की कागद आत घातल्यावर जाळ दाखवता येत नाही. म्हणून टोपी डाकायची नाही, घासून घासून अशी बेतायची की ती दाबून बसावी आणि पाण्यात पोहलं तरी निघू नये. हे बेतणं दोन-चार कानशीच्या फटकाऱ्यांचं काम, पण ते फटकारे कुठं थांबवायचे हे शिकायला वर्षं जातात.

लातूर, निलंगा, उदगीरकडे लिंगायत घरांत इष्टलिंगाची चांदीची डबी असते. कानडी शेजारामुळे कुणी तिला करडगी म्हणतात. १९५६ पर्यंत उदगीर-निलंग्याचा भाग बीदर जिल्ह्यातच होता, तेव्हा शब्द आणि दागिने दोन्ही इकडे-तिकडे फिरले त्यात नवल नाही. ही डबी शिवदाऱ्यात ओवून गळ्यात घालतात आणि ती जन्मभर अंगावर राहते. दोरा जिथून जातो तिथं पातळ कडी लावली तर चांदी झिजून तुटते. तिथं नळीचा तुकडा लावला की भार पसरतो आणि कडा दोऱ्याला कापत नाहीत. लातूरच्या गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी कुठल्याही रस्त्यानं आत शिरलं तरी सराफांची दुकानं चुकत नाहीत. तिथल्या एका दुकानात मी अशी जुनी डबी पाहिली होती, झाकणाची नक्षी पार पुसली गेलेली, पण नळ्या शाबूत.

तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या केसांना लटकणाऱ्या टोपल्या आणि घुगऱ्या घ्या. किनवट-माहूरच्या बाजारात म्हाताऱ्या बाया अजून त्या घालून येतात. सगळा पोकळ माल. घुगरी भरीव केली तर वाजणार काय?

रिकामी नळी म्हणजे काय हे लातूरकरांना शिकवण्याची गरज नाही म्हणा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा घरोघरचे नळ नुसती हवा सोडत होते. चांदीच्या नळीतली हवा मात्र त्याहून खट्याळ. नळीची दोन्ही टोकं बंद करून तिला जाळावर धरलं तर आतली हवा सातशे अंशांच्या आसपास तिपटीहून जास्त दाब देते. आत पाण्याचा थेंब राहिला असेल तर विचारूच नका. फाडकन आवाज येतो आणि दोन तासांचं काम छताला. म्हणून बंद पोकळ वस्तूला कुठं ना कुठं सुईच्या टोकाएवढं छिद्र ठेवावंच लागतं. दागिन्याच्या पाठीला असं छिद्र दिसलं की गिऱ्हाईक भांडायला येतं, माल खराब दिला म्हणून. मामा त्याला एवढंच सांगतात, "वाट ठिवली न्हाई तर ती सोताची काढतीय."

मापात बसवण्याचं दुखणं मात्र या धंद्यात फार पुरातन आहे. संत नरहरी सोनारांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. सावकारानं विठ्ठलासाठी करगोटा करायला सांगितला, नरहरींनी केला, तर तो लांब झाला. कमी केला तर आखूड झाला. शेवटी शिवभक्त नरहरी डोळ्यांना पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले आणि हाताला शंकर लागले, पट्टी काढली तर विठ्ठल. भक्तीचा अर्थ कीर्तनकार सांगतात तो आहेच. मामा या गोष्टीतून वेगळाच अर्थ काढतात. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक स्वतः आल्याशिवाय माप घेऊ नये आणि दुसऱ्यानं सांगितलेल्या मापावर काम करू नये. नरहरींनी मूस, बागेसरी ही आपली अवजारं अभंगात नेली. जंतर नेलं असतं तर मामा जास्त खूश झाले असते.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशाचं. दागिन्याचं बिल दोन गोष्टींचं असतं, चांदीचं वजन आणि घडणावळ. चांदीचा भाव आपल्या हातात नाही, दुकानदाराच्याही नाही, तो बाजारात रोज ठरतो. २०२५च्या सुरुवातीला किलोला लाखाच्या आत असलेली चांदी वर्ष सरता सरता दोन लाखांच्या पुढे गेली. तो आकडा आपण मुकाट्यानं मान्य करतो, कारण भांडायचं कुणाशी? मग आपलं सगळं शौर्य घडणावळीवर निघतं. "एवढीशी तर वस्तू आहे, घडणावळ काय एवढी?" वस्तू एवढीशी आहे म्हणूनच घडणावळ एवढी आहे, हे सांगून पटत नाही. बरं, दुकानात घडणावळही पुष्कळदा वजनावर लावतात. ग्रॅममागे इतके. म्हणजे दोन तास जंतर ओढून, वजन घटवून, नेमकी जागा पोकळ ठेवून केलेल्या नळीला कमी मजुरी आणि साच्यात ओतलेल्या गोळ्याला जास्त. मी एकदा मामांना हे उलटं गणित बोलून दाखवलं. ते कानस चालवत म्हणाले, "ताई, वजनाला पैसा हाय. भोकाला कोन देतंय?"

यंत्रावर ओढलेली, शिवण नसलेली नळी आता तयार मिळते. कारागीर तिला सरळ पाईप म्हणतात. ती चांगली असते, सरळ असते, आत-बाहेर एकसारखी असते आणि मामाही घाईच्या कामाला तीच वापरतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. पण बाजारात ठरावीक मापं. आजीच्या जुन्या वाळ्याची बिजागरी झिजली आणि तिचं माप कुठल्याच पाईपाशी जुळेना, की पुन्हा पट्टी, पन्हळ आणि जंतर. अशी दुरुस्तीची कामं घ्यायला मोठी दुकानं नाखूश असतात. वाळा ठेवून घेतात आणि 'मोडून नवीन घ्या' म्हणतात. मोडीत घालणं त्यांच्या सोयीचं, कारण चांदीचं वजन होतं आणि बिजागरीचं होत नाही.

मामांच्या मुलानं हा धंदा घेतलेला नाही. तो पुण्यात कंपनीत आहे आणि चांगला आहे. मामांना त्याचं वाईट वाटत असेल असं मला उगाच वाटत होतं. त्यांना वाटत नाही. जंतर ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा दुखतो, तो पोराचा दुखणार नाही, यात त्यांना समाधान आहे. एक परप्रांतीय पोरगा त्यांच्याकडे वर्षभर शिकायला होता. डाक लावण्यात त्याचा हात बसला आणि तो मोठ्या शहरात गेला. तिथं रोज जास्त मिळतो.

तेव्हा या लग्नसराईत सराफ्यात गेलात तर माझी एक विनंती आहे. बिजागरीचा वाळा आवडला तर तो उघडून मिटून बघा, तुकडे विषम आहेत का मोजा, आडवा हलतो का पाहा. हलत असेल तर परत करा, खुशाल भांडा. हलत नसेल आणि दुकानदारानं घडणावळ वेगळी सांगितली तर ती घासाघीस न करता द्या, आणि ती कारागिरापर्यंत किती पोचते हेही एकदा तिथल्या तिथे विचारा. घरातला जुना वाळा मोडीत घालायच्या आधी एखाद्या जिन्याखाली बसणाऱ्या कारागिराला दाखवा. बहुतेक वेळा त्याला नळीचा एक तुकडा तेवढा लागतो.